एप्रिलचं दहिवर, ऑक्टोबरचं हरीण

हरीण शोधायला निघालेला शिकारी खाली मान घालून चालतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला गंमत वाटली. बंदुकीत मला रस नाही, पण माग काढण्याची ही विद्या मात्र भलतीच भुरळ घालते.

अमेरिकेच्या पूर्वेला ॲपलाचियन डोंगरांवर ओक आणि हिकरीची पानगळीची जंगलं मैलोन्‌मैल पसरली आहेत. ना शेत, ना कुरण. यात पांढऱ्या शेपटीचं हरीण गाठायचं कुठे? तर जिथे ओकची बोंडं पडतात तिथे. पूर्वी चेस्टनटही होते. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या बुरशीने अर्ध्या शतकात त्यांचा फडशा पाडला आणि सगळी भिस्त ओकवर आली.

त्यातही पानं बघायची. गोलसर कडांचं पान पांढऱ्या ओकचं, टोकदार कडांचं लाल ओकचं. पांढऱ्याच्या बोंडात टॅनिन कमी, म्हणून तुरटपणाही कमी. हरणं आधी त्यावर तुटून पडतात. लाल ओकचं तुरट बोंड मागाहून, थंडीत कामी येतं. पण खरी कमाल पुढेच आहे. पांढऱ्या ओकचं बोंड त्याच वर्षी पिकतं, लालचं दुसऱ्या वर्षी. म्हणजे एप्रिलमधल्या एका रात्रीच्या दहिवराने मोहोर करपला, तर पांढऱ्या ओकखाली त्याच शरदात शुकशुकाट. लालखाली मात्र गेल्या वर्षीच्या मोहोराची रास! लालचा तोटा दिसायला आणखी एक वर्ष जावं लागतं.

येण्याजाण्याच्या वाटा डोंगर ठरवतो. आपले ट्रेकर ज्याला पदर म्हणतात तसे उतारावरचे सपाट टप्पे आणि दोन शिखरांमधली खिंड, या हरणांच्या आवडत्या जागा. पण नुसती जागा सापडून भागत नाही, कारण हरणाचं नाक फार तिखट. सकाळी ऊन लागलं की उतारावरची हवा वर चढते, संध्याकाळी गार होऊन दरीत ओघळते. म्हणून जाणता शिकारी सकाळी हरणांच्या वर बसतो आणि संध्याकाळी खाली.

आणि हरीण खरंच इथे आलं होतं का? कोवळी डहाळी हातात घ्या. सशाने खाल्ली असेल तर चाकूने तिरकी कापल्यासारखी दिसते. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, ते ओढून तोडतं. टोकाशी सालीचे धागे लोंबत राहतात. ते अजून ओले असतील, तर आवाज न करता खाली बसावं.