जुन्या फोर-बाय-फोरचं ॲव्हरेज जातं कुठे?

जुनी फोर-बाय-फोर म्हटली की तिच्या डिझेलच्या खर्चाचा विषय निघतोच. ‘इंजिन जुनं झालंय, पिणारच’ असं मालक म्हणतो, मेकॅनिक मान डोलावतो आणि गाडी होती तशी चालत राहते. नाहीतर थेट इंजिन बांधायचा निर्णय होतो, हजारो रुपये जातात आणि ॲव्हरेज मात्र फारसं हलत नाही. महिंद्राच्या जुन्या जीप, एमएम ५४० सारख्या गाड्या आणि त्याच कुळातले फोर-बाय-फोर पिकअप आजही कोकणात, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि आडवाटेच्या शेतांवर राबतात. त्यांच्यात जळणारं जादा डिझेल बहुतेक वेळा इंजिनाच्या वयामुळे जळत नाही. इंजिनाला जे ओढावं लागतं, त्यात ते जातं. चुकीचे टायर, घासणारे ब्रेक, टपावरचा कॅरिअर, वर्षानुवर्षं चढवलेलं लोखंड आणि गाडीच्या ठेवणीला न पेलणारा वेग ही खरी गळतीची ठिकाणं आहेत. एवढं ध्यानात घेतलं तर पैसे आधी कुठे घालायचे याचा क्रमच बदलतो.

मुळात अशा गाडीवर एवढी मेहनत घ्यावी का, असा प्रश्न येईल. ८ चं ॲव्हरेज १० झालं, तर असं किती वाचणार? इथे आपली मोजायची पद्धतच आपल्याला फसवते. लिटरला ८ किलोमीटर देणारी गाडी १०० किलोमीटरला साडेबारा लिटर डिझेल घेते आणि १० देणारी दहा लिटर, म्हणजे वाचले अडीच लिटर. आता १६ देणारी लहान मोटार २० देऊ लागली असं धरू. तिचा खर्च सव्वासहा लिटरवरून पाचवर येतो आणि बचत होते सव्वा लिटर. ४ किलोमीटरची सुधारणा दिसायला मोठी असली तरी टाकीतल्या हिशेबात ती २ किलोमीटरच्या सुधारणेच्या निम्मी आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या संशोधकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच गैरसमज मांडला होता. जी गाडी सर्वांत जास्त पिते, तिच्यातली थोडीशी सुधारणाही सर्वांत जास्त इंधन वाचवते. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणाऱ्या जीपच्या बाबतीत ८ वरून १० म्हणजे अडीचशे लिटर डिझेल होतं. जुन्या गाडीकडे दुर्लक्ष करणं म्हणूनच परवडत नाही.

या गाड्यांची घडण कशासाठी झाली, हेही पाहायला हवं. महिंद्रानं १९४७ नंतर मुंबईत जोडायला घेतलेली विलीज जीप ही दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपची वारसदार. चिखल, दगड, नाले पार करणं हे तिचं काम. समोरची उभी काच, सपाट तोंड, बाहेर आलेले मडगार्ड आणि जमिनीपासूनची उंची या गोष्टी तिथे उपयोगाच्या होत्या, पण महामार्गावर त्याच तिच्या मुळावर येतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेलं की तो सुमारे पावणेदोन पट होतो आणि ८० वरून १०० वर गेलं की त्यात आणखी ५६ टक्क्यांची भर पडते. निमुळत्या मोटारीला हे थोडंफार निभावतं, जीपला नाही. पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन, म्हणजे पीसीआरए, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हा किफायतशीर वेग सांगते. महामार्गावर तो प्रत्येकाला जमणार नाही हे खरं, पण जीपनं ९० ऐवजी ७० नं जाणं हा कुठल्याही सुट्या भागापेक्षा स्वस्त उपाय आहे, कारण त्याला खर्चच नाही. टपावरच्या कॅरिअरचंही तसंच. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या आकडेवारीनुसार टपावर मोठी पेटी लादल्यानं महामार्गावरचं ॲव्हरेज ६ ते १७ टक्क्यांनी घसरू शकतं. ते आकडे तिकडच्या मोटारींचे आहेत, पण हवेचा नियम सगळीकडे एकच. वर्षातून दोनदा लागणारा कॅरिअर बारा महिने टपावर ठेवू नये. पुढचा जाड लोखंडी बंपर, न वापरलेली विंच, मागे पडून राहिलेली अवजारं यांचंही वजन प्रत्येक चढाला डिझेल मागतं.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते टायरनी, आणि तिथेच हौस आड येते. रुंद आणि खोल नक्षीचे चिखलाचे टायर जीपला शोभून दिसतात, यात वाद नाही. पण त्या नक्षीचा प्रत्येक ठोकळा डांबरावर दबतो, वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. या दबण्या-वाकण्यात जी उष्णता निघते ती डिझेलमधूनच आलेली असते. शिवाय असे टायर जड असतात आणि प्रत्येक वेळी वेग घेताना ते वजन फिरवावं लागतं. गाडीचं नव्वद टक्के चालणं डांबरावर असेल, तर मूळ मापाचे साध्या नक्षीचे रेडियल टायर हाच शहाणपणाचा मार्ग आहे. जुने नायलॉन टायर जाऊन रेडियल आले तरी फिरण्यातला विरोध कमी होतो. हवा कमी असली तर नुकसान वाढतं. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या हिशेबानं चारही टायरमधली हवा सरासरी एका पीएसआयनं कमी झाली की इंधन सुमारे ०.२ टक्क्यांनी जास्त लागतं. आकडा लहान आहे, पण दहा पीएसआय कमी असलेल्या टायरवर महिनोन् महिने फिरणाऱ्या गाड्या आपल्याकडे कमी नाहीत. आणखी एक गोष्ट मोठ्या टायरबद्दल नेहमी विसरली जाते. स्पीडोमीटरची केबल फिरते ती मूळ मापाचा टायर गृहीत धरून. २८ इंच व्यासाच्या जागी ३१ इंचाचे टायर घातले की गाडी प्रत्यक्षात १११ किलोमीटर चालली तरी मीटरवर साधारण १०० दिसतात. मालकाला वाटतं, ॲव्हरेज कोसळलं. त्यातली काही घसरण खरी असते आणि काही निव्वळ मीटरची. म्हणून अंतर मोबाइलच्या जीपीएसवर मोजावं आणि टाकी दर वेळी त्याच पंपावर काठोकाठ भरून हिशेब करावा. असं मोजमाप नसेल तर पुढचा कुठलाही उपाय लागू पडला की नाही, ते कळणारच नाही.

टायरच्या मागे काय चाललंय, हे पाहायला जॅक आणि दोन हात पुरतात. गाडी सपाट जागी उभी करून, बाकीच्या चाकांना अटकाव लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून आणि हँडब्रेक सोडून एकेक चाक उचलावं आणि हातानं फिरवावं. एखादं चाक जड फिरत असेल तर ब्रेक चिकटतोय, बेअरिंग आवळलंय किंवा हँडब्रेकची केबल अडकलीय. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या जीपमध्ये व्हील सिलिंडर गंजणं ही नेहमीची बाब आहे. पुढच्या चाकांचा टो-इन बिघडला असेल तर टायरच्या कडा करवतीसारख्या झिजतात आणि दोन्ही चाकं रस्त्यावर सतत तिरकी घासत राहतात. फोर-बाय-फोरचा स्वतःचा भार वेगळाच. ट्रान्स्फर केसचा दांडा टू-व्हीलवर असला तरी पुढचे हब जोडलेले राहिले, तर पुढचे ॲक्सल, डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट चाकांमुळे उगाच फिरत राहतात आणि जाड तेल घुसळत बसतात. हे टाळण्यासाठीच आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली अमेरिकेत विलीज जीपसाठी सुटे करता येणारे हब बनवायला सुरुवात केली होती. बचत फार मोठी नसते, काही टक्केच, पण झीजही तेवढीच वाचते. मात्र असे हब बसवून दांडा फोर-व्हीलवर टाकूनच डांबरावर गाडी हाकणाऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, आणि या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये तो फरक सामावणारं डिफरन्शियल नसतं. मग ताण टायर घासून निघतो नाहीतर गिअरच्या दातांवर येतो. फोर-व्हील चिखलासाठी, वाळूसाठी आणि निसरड्या चढासाठी. कोरड्या डांबरावर ती नुकसानच करते.

मग इंजिनाचं काही देणंघेणंच नाही का? आहे, पण बांधणीच्या कितीतरी आधी पाहण्यासारखं बरंच काही असतं. आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत आहे. तो काढला की इंजिन लवकर गरम होत नाही, थंड हवेत तर नीट गरम होतच नाही. थंड इंजिनात डिझेल अपुरं जळतं, तेल दाट राहतं आणि सिलिंडरची झीज वाढते. तापण्याचं खरं कारण चोंदलेला रेडिएटर असतं. तो साफ करून थर्मोस्टॅट परत बसवणं हे काही शे रुपयांचं काम आहे. ओझं घेऊन चढताना काळा धूर निघत असेल तर नोझल, पंपाचं टायमिंग आणि एअर फिल्टर तपासून घ्यावेत, कारण तो धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेलच. ‘गाडीला ओढ नाही’ म्हणून पंपाचं डिझेल वाढवून घेणं हा त्यावरचा सर्वांत वाईट इलाज आहे. निळा धूर आणि सतत कमी होणारं ऑइल दिसलं, कॉम्प्रेशन मोजून कमी भरलं, तर मात्र इंजिन बांधायला पर्याय नाही आणि तेव्हा तो खर्च योग्यच आहे.

इंधनाच्या नळीवर लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या आणि पाण्यातून हायड्रोजन काढणारे संच यांचं काय, असं कुणी विचारेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं अशी शंभराहून अधिक उपकरणं तपासली आणि त्यांतल्या फारच थोड्यांनी, तेही नाममात्र, फायदा दाखवला. हायड्रोजनच्या संचाला वीज लागते, ती अल्टरनेटर देतो आणि अल्टरनेटर इंजिनच फिरवतं. पाणी फोडायला जेवढी ऊर्जा घालावी लागते, तेवढी जाळून परत मिळत नाही. घाट न्यूट्रलमध्ये उतरण्याची सवयही याच पंक्तीतली, पण जास्त धोक्याची. गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की जुन्या यांत्रिक पंपाचा गव्हर्नरही डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतच राहतं. म्हणजे आंबोली किंवा वरंधा घाट गिअरमध्ये उतरणारा डिझेलही वाचवतो आणि ब्रेकही तापवत नाही. इंजिन बंद करून उतरणाऱ्याच्या ब्रेकची व्हॅक्यूमची मदत मात्र दोन-चार दाबांत संपते.

सर्वांत वजनदार आक्षेप राहतो. अशा गाड्या मोडीत काढाव्यात, त्यांचं ॲव्हरेज सुधारून त्यांना आयुष्य देऊ नये. यात तथ्य आहे. डिझेल कमी जाळल्यानं कार्बन डायऑक्साइड लिटरमागे सुमारे २.७ किलोनं कमी होतो, पण जुन्या इंजिनाची काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ च्या पातळीवर कधीच येणार नाहीत, कितीही निगा राखली तरी. पुण्या-मुंबईच्या गर्दीत रोज धावणारी जुनी डिझेल जीप माणसांच्या फुप्फुसांना महागात पडते आणि तिचा मालक ती विकायला तयार नसेल, तर ॲव्हरेजची सबब त्यानं सांगू नये. पण डोंगरावरच्या वाडीत पावसाळ्यात दूध, खत आणि आजारी माणूस खाली आणणारी, महिन्याला तीन-चारशे किलोमीटर चालणारी गाडी वेगळी. तिच्या जागी नवी फोर-बाय-फोर घ्यायची तर शेतकऱ्याला कैक लाखांचं कर्ज लागतं आणि ती बनवण्यातही पोलाद आणि इंधन खर्ची पडतंच. नोंदणीची पंधरा वर्षं उलटल्यावर खासगी गाडी तपासून दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदवावी लागते. त्या तपासणीआधी इंजिनवाल्याकडे जाण्यापूर्वी चारही चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवून बघा.