दोन जनगणना, एक रेषा आणि नगरची लोकसंख्या

अहिल्यानगर जिल्ह्याची आजची लोकसंख्या किती, या प्रश्नाचे शेवटचे मोजलेले उत्तर १ मार्च २०११ चे आहे : ४५,४३,१५९. जिल्ह्याचे नाव तेव्हा अहमदनगर होते. २०२१ ची जनगणना झालीच नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली स्वस्त धान्याच्या लाभार्थ्यांची कमाल संख्या मात्र २०११ च्याच आकड्यांवर बेतलेली आहे. त्यानंतर किती माणसे वाढली, याचा अंदाज बांधायचा तर भूमितीतील एक साधे समीकरण मदतीला येते.

सुतार फळीवरील दोन खुणांमध्ये रंगाचे सूत ताणून फटका मारतो, तेव्हा एकच सरळ रेष उमटते. भूमितीतही दोन भिन्न बिंदूंतून एकच रेषा जाते. आपल्याकडे असे दोन बिंदू आहेत. २००१ मध्ये लोकसंख्या ४०,४०,६४२ होती, २०११ मध्ये ४५,४३,१५९. आडव्या अक्षावर वर्ष (क्ष) आणि उभ्या अक्षावर लोकसंख्या (य) घ्यावी.

प्रथम रेषेचा चढ काढायचा. दहा वर्षांत ५,०२,५१७ माणसे वाढली. म्हणजे चढ वर्षाला ५०,२५१.७. येथे वजाबाकीचा क्रम वर आणि खाली सारखाच ठेवावा लागतो. अन्यथा चढाचे चिन्ह उलटते आणि वाढता जिल्हा कागदावर ओस पडू लागतो! परीक्षेतील बरेच गुण याच ठिकाणी जातात.

सरळ रेषेचा चढ कोठेही बदलत नाही, हीच सारी गुरुकिल्ली आहे. त्यामुळे पहिल्या बिंदूपासून रेषेवरील कोणत्याही बिंदूपर्यंत मोजले तरी तोच चढ मिळाला पाहिजे :

(य − ४०,४०,६४२) ÷ (क्ष − २००१) = ५०,२५१.७

म्हणजेच य = ४०,४०,६४२ + ५०,२५१.७ × (क्ष − २००१). दुसऱ्या बिंदूपासून सुरुवात केली तरी रेषा हीच येते. क्ष च्या जागी २०११ घातल्यास ४५,४३,१५९ मिळतात, तेव्हा ताळा जुळला. २०२१ घातल्यास ५०,४५,६७६ मिळतात.

हा आकडा कितपत खरा मानायचा? त्याची परीक्षा मागच्या जनगणनेवर घेता येते. १९९१ मध्ये लोकसंख्या ३३,७२,९३५ होती. १९९१ आणि २००१ या दोन बिंदूंतून काढलेली रेषा २०११ साठी ४७,०८,३४९ सांगते. प्रत्यक्ष मोजणीत १,६५,१९० माणसे कमी भरली, कारण वाढीचा वेग मंदावला होता. दशकातील वाढ १९.८० टक्क्यांवरून १२.४४ टक्क्यांवर आली. दोन बिंदूंना हे वळण कधीच कळत नाही. त्यासाठी तिसरा बिंदू लागतो. २०११ नंतर वेग आणखी घटला असेल, तर वरील ५० लाखांचा आकडाही फुगलेला ठरेल.

मागे गेल्यावर तर ही रेषा भलतेच बोलते. तिच्या हिशेबाने १९२० च्या सुमारास जिल्ह्यात एकही माणूस नव्हता. निजामशाहीचे संस्थापक मलिक अहमद यांनी मात्र नगर शहर पंधराव्या शतकातच वसवले होते. दोन बिंदूंच्या मधल्या वर्षांसाठी अशी रेषा सहसा बरी चालते. बाहेर जितके लांब जावे, तितका भरवसा घटतो.

नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली आहे. त्या दिवसासाठी रेषेचा अंदाज सुमारे ५३ लाख ४७ हजारांचा आहे.