सही करण्याआधी वाचा : बापाच्या शेतात लेकीचा वाटा



गेल्या महिन्यात एका गावची बैठक संपता संपता एका काकूंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "बाई, तू शिकलेली आहेस, एवढं वाचून दे. भाऊ म्हणते, बाबाचं नाव सातबाऱ्यावरून कमी करायचं आहे, सही लागते." मी वाचलं. ते हक्कसोडपत्र होतं. त्या कागदाने बाबांचं नाही, काकूंचंच नाव कायमचं कमी होणार होतं.

माझ्या आईनेही अशीच सही केली होती. वारस नोंदीला लागते म्हणून तिला तालुक्याला नेलं, फोटो काढला, अंगठा घेतला, येताना सगळ्यांनी भजी खाल्ली. मी एमएसडब्ल्यू करत असताना तो कागद घरात सापडला, तेव्हा आईला पहिल्यांदा कळलं की त्यात काय लिहिलं होतं. म्हणून या वेळी बचतीचा हिशोब बाजूला ठेवून हे लिहिते आहे.

वडील मृत्युपत्र न करता गेले, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या मालमत्तेवर बायको, मुलगे, मुली आणि वडिलांची आई जिवंत असेल तर ती, अशा सगळ्यांचा सारखा हक्क येतो. समजा बाबांनी स्वतः घेतलेली पाच एकर कपाशीची जमीन आहे. घरात माय, आजी, दोन भाऊ आणि तुम्ही. पाच जण, प्रत्येकी एक एकर. लग्न झालं म्हणून तुमचा वाटा कमी होत नाही. हुंडा दिला, लग्नात खर्च केला, हेही कारण चालत नाही. एखादा भाऊ बाबांच्या आधीच गेला असेल तर त्याचा वाटा वहिनीला आणि तिच्या लेकरांना मिळतो. आपल्या जिल्ह्यात अशा वहिनी घरोघरी आहेत, त्यांनाही हे सांगा.

वडिलोपार्जित, म्हणजे आजा-पणज्याकडून आलेल्या जमिनीचा नियम थोडा वेगळा. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना त्यात जन्मापासून हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. म्हणजे एकाच घरातली थोरली बहीण बाहेर आणि धाकटी आत! ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर कायदा बदलला आणि ही लग्नाची अटही गेली. मग २००५ च्या आधी बाप वारला असेल तर काय, यावर बरीच वर्षं भांडणं चालली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने येतो, त्या दिवशी बाप जिवंत असायची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणी झालेली वाटणी किंवा विक्री असेल, तर ती आता मोडता येत नाही. आणि बाबांनी स्वतःच्या कमाईच्या जमिनीचं मृत्युपत्र केलं असेल, तर त्यात लिहिलं तसं होतं.

हा कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. बंजारा तांड्यांवरही लागू आहे. मुस्लिम मैत्रिणींचा कायदा वेगळा. गोंड, कोलाम, परधान, आंध या अनुसूचित जमातींना मात्र १९५६ चा कायदा थेट लागत नाही, तिथे रूढी बघतात. पण म्हणून "आदिवासी बाईला हक्कच नाही" असं कोणी म्हटलं तर मान डोलवू नका. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाईच्या वारसांना बरोबरीचा वाटा दिला. मुलींना वाटा नाही अशी रूढी आहे, हे समोरच्यांना सिद्धच करता आलं नाही. घाटंजी, पांढरकवडा, झरी, मारेगाव भागातल्या ताईंनी हे लक्षात ठेवावं आणि आधी वकिलाला विचारावं.

आता पटवाऱ्याकडे काय होतं ते बघा. (तलाठी म्हणा, आता सरकारी नाव ग्राम महसूल अधिकारी आहे.) मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी असलेलं प्रतिज्ञापत्र देऊन वारस नोंदीचा अर्ज होतो. मग फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आपलं नाव हरवतं ते बहुतेक त्या यादीतच. भावांची नावं लिहितात, बहिणींची राहून जातात. किंवा भावांची नावं भोगवटादाराच्या रकान्यात आणि बहिणींची "इतर अधिकार" मध्ये टाकतात. म्हणून सातबारा काढला की नाव आहे का एवढंच नका बघू, कोणत्या रकान्यात आहे तेही बघा. नोंद चुकीची मंजूर झाली असेल तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. तेही हुकलं तरी हक्क बुडत नाही, कारण सातबाऱ्याने मालकी ठरत नाही, दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा करता येतो. फक्त वर्षानुवर्षं थांबू नका.

हक्क खरा जातो तो नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. साध्या स्टॅम्पवर किंवा कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीने जमिनीचा हक्क सुटत नाही, पण दुय्यम निबंधकासमोर सही केली की ते मोडायला कोर्टात फसवणूक सिद्ध करावी लागते. ते किती अवघड, ते माझ्या आईला विचारा. वारस नोंदीसाठी दुय्यम निबंधकाकडे जायची गरजच नसते. तिकडे नेत असतील तर तो कागद दुसरा आहे.

मी हक्कसोड करूच नका असं म्हणत नाही. भावाकडे तीन एकर कोरडवाहू, डोक्यावर कर्ज, दोन पोरं शिकायची. अशा वेळी बहीण आपणहून सोडते, तो तिचा निर्णय. पण समजून सोडणं वेगळं आणि साडीचोळी देऊन सही घेणं वेगळं. "माहेर तुटेल" ही भीती मी प्रत्येक बैठकीत ऐकते आणि ती खोटी नाही. काही ताईंनी यातून मधला मार्ग काढला: नाव सातबाऱ्यावर ठेवलं, शेत भावालाच वाहू दिलं. "नाव लावलं तर बापाचं कर्ज अंगावर येईल" असंही सांगतात. वारसावर कर्जाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुमच्या सासरच्या घराला, तुमच्या मजुरीला त्यासाठी हात लावता येत नाही.

वकिलाच्या पैशाची काळजी करू नका. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा, नाहीतर १५१०० वर फोन लावा.

त्या काकूंनी अजून सही केलेली नाही. कागद त्यांच्या पिशवीतच आहे आणि भाऊ पोळ्याला घरी येणार आहे. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला माहेरच्या शेताचा गट नंबर लिहून आणा. सातबारा मोबाईलवर कसा बघायचा ते आपण तिथेच बसून करू.