रानात उगवलेल्या पाइनची ओळख

न्यूझीलंड देशात पाइन वृक्षाची एकही जाती मूळची नाही. इमारती लाकडासाठी, वाऱ्याला आडोसा म्हणून आणि डोंगरउतारांची माती धरून ठेवण्यासाठी त्याच्या अनेक जाती बाहेरून आणून तेथे लावण्यात आल्या. त्यांपैकी काहींचे पंखयुक्त बी वाऱ्याबरोबर कोसच्या कोस जाऊन गवताळ डोंगरांवर रुजले. अशा दाट रानाखाली मूळचे गवत व झुडपे नाहीशी होतात आणि ओढ्यांचे पाणी घटते. म्हणून २०१६ साली तेथे या रानटी वृक्षांच्या निर्मूलनाची राष्ट्रीय योजना सुरू झाली.

परंतु सर्वच पाइन सारखे नव्हेत. रेडिएटा पाइन हा त्या देशाच्या लाकूडधंद्याचा आधार होय. उलट, कॉन्टोर्टा पाइनची विक्री व लागवड कायद्याने निषिद्ध आहे. तेव्हा कुऱ्हाड चालविण्यापूर्वी ओळख पटली पाहिजे.

दुरून ही झाडे सारखीच भासतात. म्हणून प्रथम सुया मोजाव्यात. पाइनची सुईसारखी पाने तळाशी एकत्र बांधल्याप्रमाणे जुडीने येतात. रेडिएटाच्या जुडीत बहुधा तीन सुया असतात. त्याची फळे, म्हणजे शंकू, मोठी व एका बाजूस फुगीर असून कित्येक वर्षे मिटलेलीच फांदीवर राहतात. कॉन्टोर्टाच्या जुडीत दोनच सुया असतात. त्या आखूड व पिळलेल्या असतात. त्याच्या नावाचा अर्थही 'पिळलेला' असाच आहे. शंकू लहान असून त्याच्या खवल्यांना बारीक काटे असतात. कॉर्सिकन पाइनलाही दोन सुया असतात. पण त्या पुष्कळ लांब असतात. अगदी कोवळ्या रोपावर मात्र सुया एकेकट्या येतात. त्यामुळे केवळ रोप पाहून निर्णय करू नये.

कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूला पुष्कळ लोक पाइनच समजतात. शिक्षकांनी सुरूची एक 'सुई' मुलांच्या हाती देऊन ती हळूच ओढावयास सांगावे. ती सांध्याशी सुटते. कारण ते पान नव्हे, तर सांधेदार हिरवी डहाळी आहे. खरी पाने प्रत्येक सांध्याभोवती सूक्ष्म खवल्यांच्या रूपाने दिसतात. सुरू हा पाइनच्या कुळातील वृक्षच नव्हे. झाडाला नाव देण्यापूर्वी त्याचे अवयव पाहावेत, मोजावेत व ताडून घ्यावेत, ही सवय मुलांना लागणे हेच निसर्ग-अभ्यासाचे खरे फळ होय.