बिबट्यासाठी पिंजरा: केव्हा लावावा, कसा सांभाळावा

कृषी खात्याचा माणूस गावात आला की पूर्वी लोक बियाण्याची, खताची चौकशी करीत. जुन्नर-आंबेगाव भागात आता पहिला प्रश्न वेगळाच येतो. "साहेब, आमच्या शिवारात पिंजरा कधी लागायचा?" पिंजरा लावणे हे वनखात्याचे काम आहे. तरीही हा प्रश्न आमच्यापुढे येतो याचे नवल नाही. बिबट्या उसात राहतो, आणि उसाची गोष्ट शेतकरी आमच्याशीच बोलणार. म्हणून या पिंजऱ्याविषयी चार गोष्टी नीट समजून घेऊ. पिंजऱ्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. इथे प्रश्न नुसत्या शेळी-करडांचा नाही, लेकराबाळांच्या जिवाचा आहे.

ऊस वाढला, बिबट्या मुक्कामी आला

कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे झाली, कालव्यांना पाणी आले आणि कोरडवाहू शिवारे हिरवी झाली. विघ्नहर, भीमाशंकर यांसारखे साखर कारखाने उभे राहिले. घरात पैसा आला, मुले शिकली. पण बारमाही उसाने बिबट्याचीही सोय केली. दाट आडोसा, पाटाचे पाणी, आणि वस्तीवर कुत्री, मांजरे, शेळ्या, कोंबड्या! त्याला आणखी काय पाहिजे? उसातच माद्या वितात, उसातच पिले वाढतात. त्या पिलांनी डोंगर पाहिलेला नसतो. आज "बिबट्या जंगलात नेऊन सोडा" असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचे घर आपल्याच फडात आहे हे विसरतो.

बिबट्या खातो तरी काय? शेजारच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचे खाणे तपासले. वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यात ३९ टक्के वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. मांजरांचा वाटा १५ टक्के आणि शेळ्यांचा फक्त ११ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरीही! कारण उघड आहे. शेळी रात्री बहुधा आत बांधलेली असते, कुत्रे उकिरड्यावर मोकळे फिरत असते. जे सहज मिळते ते बिबट्या घेतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

पिंजरा चालतो कसा?

वनखात्याचा पिंजरा लोखंडी गजांचा असतो. त्यात दोन कप्पे असतात. मागच्या कप्प्यात शेळी किंवा कोंबडी ठेवतात. मध्ये जाळी असल्यामुळे बिबट्याचा पंजा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पुढच्या कप्प्यात एक फळी असते. बिबट्या आत शिरला आणि फळीवर त्याचा पाय पडला की खटका सुटतो आणि वरचे दार खाली पडते. आपल्या घरातल्या उंदराच्या पिंजऱ्याचाच हा मोठा भाऊ म्हणा.

पिंजरा ठेवायची जागा मनाला येईल तशी निवडून चालत नाही. ठसे कुठे उमटले, कोणत्या बांधावरून किंवा ओढ्याच्या कोणत्या काठाने जनावर येते-जाते, हे पाहावे लागते. कॅमेरे लावून खात्री करतात. मग त्या वाटेवर पिंजरा ठेवून वर उसाचे वाढे, पाला टाकतात. आजूबाजूला माणसांची वर्दळ राहिली, तर चार-चार रात्री बिबट्या फिरकत नाही. "पिंजरा लावून आठ दिवस झाले, काही सापडत नाही" अशी तक्रार ऐकू येते, तिथे चौकशी करा. संध्याकाळी पोरेटोरे पिंजरा बघायला जात असतात असे पुष्कळदा निघते.

आणि हो, आपला आपण पिंजरा किंवा फास लावायचा विचार कोणी मनातही आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीवाचून असे जनावर पकडणे हीसुद्धा शिकारच समजली जाते. त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. शिवाय तारेच्या फासात अडकलेला बिबट्या सोडवायला जाणाऱ्याच्या जिवावर बेततो, ते वेगळेच.

२००१ ते २००३ सालचा धडा

आता मुख्य मुद्दा. जितके पिंजरे जास्त, तितके गाव सुरक्षित, असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्याच जुन्नर भागाचा अनुभव काही निराळे सांगतो.

२००१ च्या फेब्रुवारीपासून या भागात शेतातून बिबटे धरून आसपासच्या जंगलात नेऊन सोडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. असे २९ बिबटे सोडले गेले. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, माणसांवर हल्ले होत ते वर्षाला सरासरी ४. सोडण्याचे काम सुरू झाल्यावर ती सरासरी वर्षाला १७ वर गेली! हल्ल्यांत मृत्यू येण्याचे प्रमाणही दुपटीने वाढून ३६ टक्क्यांवर गेले. जिथे बिबटे सोडले, त्या बाजूच्या गावांनाही त्रास झाला. डॉ. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हा सगळा हिशेब मांडून २०११ मध्ये प्रसिद्ध केला.

असे का व्हावे? धरपकडीत जनावर बिथरते. अनोळखी मुलखात सोडले की त्याला वाटा माहीत नसतात, पाणी माहीत नसते, माणसांची वस्ती कुठे हेही माहीत नसते. ते परतीच्या वाटेला लागते. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक नर बिबट्या काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडला होता. अभ्यासकांनी त्याचे नाव ठेवले आजोबा. हा आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालून पार मुंबईजवळच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. वाटेत रेल्वे होती, मोठे रस्ते होते, गावे होती. त्याने कोणाला इजा केली नाही. पण सोडलेल्या जागी बिबट्या राहत नाही, हे त्याने दाखवून दिले.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागेची. एक मोठा नर आपला इलाखा राखून असतो. तो काढला की ती जागा ओस पडत नाही, दुसरा कोणी तरी येतो. कणगी उघडी ठेवून उंदराचा पिंजरा लावला तर काय होते? आज एक सापडतो, उद्या दुसरा येतो. तसेच हे. आडोसा, पाणी आणि खाणे जागच्या जागी आहे, तोवर पाहुणा येतच राहणार.

मग धरलेले बिबटे ठेवायचे कुठे? माणिकडोहला वनखात्याचे बिबट निवारा केंद्र आहे, वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था तिथे देखभालीचे काम करते. पण तिथल्या जागेला मर्यादा आहे. बंदिस्त बिबट्या पंधरा-वीस वर्षेही जगतो. त्याला रोज मांस लागते, डॉक्टर लागतो. शिवारातला प्रत्येक बिबट्या उचलून तिथे नेणे होणारे काम नव्हे.

मग पिंजरा लावायचाच नाही का?

तसे मुळीच नाही. पिंजरा हे औषध आहे, आणि औषध रोग पाहून द्यायचे असते.

ज्या जनावराने माणसावर हल्ला केला, ते तिथून हललेच पाहिजे, यात दुमत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत दोन मुले आणि एक वृद्धा असे तीन बळी गेले. लोक रस्त्यावर उतरले, मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखला गेला. अखेर तिथे वनखात्याला बिबट्या गोळी घालून मारावा लागला. ज्या घरातले लेकरू गेले, त्या घराला आकडे सांगून समाधान होत नाही, आणि कोणी सांगूही नयेत. अशा वेळी पिंजरे, कॅमेरे, बेशुद्ध करणारी बंदूक, सारे काही तातडीने आले पाहिजे. ते मागणे हा गावाचा हक्क आहे.

बिबट्या गोठ्यात, पडवीत वारंवार शिरत असेल, दिवसाउजेडी वस्तीत येत असेल, तरीही कळवावे आणि पिंजरा मागावा. पण नुसता बांधावर दिसला, रस्ता ओलांडताना गाडीच्या उजेडात आला, एवढ्यावरून पिंजरा मागू नये. त्यात निरुपद्रवी जनावर अडकते आणि खोडकर बाहेर राहते. पिल्लांची आई अडकली, तर पिले उघडी पडतात आणि नवाच घोर लागतो. शिवाय पिंजरे मोजके असतात. एका गावाने उगाच अडवलेला पिंजरा दुसऱ्या गावाला गरजेच्या वेळी मिळत नाही, हाही विचार करावा.

पिंजरा लागला, तर गावाने काय करावे?

१. पिंजऱ्याकडे जायचे ते वनखात्याने नेमलेल्या माणसांनीच. आतल्या शेळीला चारा-पाणी आणि दिवसाची देखभाल कोण करणार, हे आधीच ठरवून घ्यावे. मुके जनावर उपाशी ठेवू नये.

२. रोज पहाटे पिंजरा पाहिलाच पाहिजे, तोही सुरक्षित अंतरावरून. दार पडलेले दिसले की लगेच वनरक्षकाला फोन करावा.

३. बिबट्या अडकला की गर्दी करू नये. आरडाओरडा, दगड, मोबाईलवर फोटो काढण्याची धडपड, यांनी तो गजांवर धडका घेतो. दात तुटतात, नखे निघतात, डोके फुटते. असे जनावर पुढे कधी सुटले, तर त्याला नेहमीची शिकार जमत नाही, आणि मग त्याचा धोका कोणाला? आपल्यालाच. वनखात्याची माणसे पिंजऱ्यावर कापड टाकतात ते जनावर शांत राहावे म्हणून.

४. आई अडकली असेल तर जवळच्या फडात पिले असू शकतात. तिकडे कोणी फिरकू नये.

५. एक सापडला म्हणून निर्धास्त होऊ नये. खबरदारी तशीच चालू ठेवावी.

खरा पिंजरा गोठ्याला हवा

बिबट्याला कोंडण्यापेक्षा आपली जनावरे रात्री नीट कोंडणे आपल्या हातात आहे. गोठ्याला तिन्ही-चारी बाजूंनी भिंत किंवा मजबूत जाळी आणि वर छप्पर हवेच. उघड्या कुडावरून बिबट्या सहज आत उडी घेतो. दाराला कडी, कडीला खिळ. छपराखालची फट जाळीने बुजवावी. रात्री शेळ्या आत आहेत ना, हे मोजून कडी घालावी. गोठ्याबाहेर एक दिवा असावा.

उकिरड्यावर मेलेली कोंबडी, मटणाचे तुकडे टाकू नयेत. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. गावाने मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त केला, तर त्याचे निम्मे आकर्षण जाते. घराला चिकटून ऊस लावू नये. अंगण आणि फड यांत मोकळी पट्टी ठेवावी. तिथे भाजीपाला घ्या, कांदा घ्या, बुटके पीक घ्या. ओळभर ऊस कमी झाला तर संसार बुडत नाही.

घरच्या माऊलींना एक सांगणे आहे. तिन्हीसांजेनंतर लहान मूल एकटे अंगणात सोडू नका. शौचाला किंवा शेजारच्या वस्तीवर मोठ्या माणसावाचून पाठवू नका. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस बिबट्याला छोट्या जनावरासारखा दिसतो. खुरपताना, गवत कापताना दोघी-तिघींनी मिळून बसावे, बोलत राहावे. रात्री दारे धरायला जायची वेळ आली, तर दोघांनी जावे. बॅटरी, काठी आणि मोबाईलवर किंवा रेडिओवर गाणे चालू असावे. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी, ही मागणी ग्रामसभेने ठराव करून लावून धरावी. पिंजऱ्याच्या ठरावाइतकाच तो ठरावही महत्त्वाचा आहे.

ऊसतोडीत पिले सापडली, तर तोड थांबवावी. पिलांना हात लावू नये, घरी आणू नये. वनखात्याला कळवावे. खात्याची माणसे पिलांची तपासणी करून संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि आई रात्री येऊन घेऊन जाते. जुन्नर भागात हे पुष्कळदा यशस्वी झाले आहे. पिले उचलून नेली, तर आई त्याच शिवारात घिरट्या घालते, आणि चवताळलेल्या मादीसारखे दुसरे संकट नाही. तोडणीच्या टोळ्यांच्या कोप्या उघड्यावर असतात. त्यांची पोरे फडाच्या कडेला निजलेली असतात. ती आपल्याच शिवारात आहेत, तेव्हा त्यांना उजेड आणि आडोसा देणे हे शेतमालकाचे काम आहे.

जनावर मारले गेले, तर ते जागचे हलवू नये. ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा, म्हणजे भरपाई अडत नाही. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. तो घराच्या दारामागे खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा, म्हणजे घाईच्या वेळी शोधावा लागत नाही.

पिंजरा मागायला आपण गावकरी एकत्र येतो. तसेच एक दिवस गोठ्यांसाठी एकत्र या. दहा घरांनी मिळून जाळी आणली तर स्वस्त पडते, आणि गावातला सुतार-लोहार दिवसाला दोन दारे सहज बसवून देतो. येत्या आठवड्यात एवढे तरी कराच. आपल्या गोठ्याची कडी आज रात्री स्वतः हाताने ओढून पाहा.