गाडीचं अ‍ॅव्हरेज, आपलं रनिंग

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या एका भागाला पुणेकर सरळ ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात. १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचं आवार तिथे आहे. शोरूममधल्या माहितीपत्रकावर अ‍ॅव्हरेजच्या आकड्याशेजारी जी चार अक्षरं छापलेली असतात, ती या संस्थेची. अशा चाचण्या करणाऱ्या संस्था देशात आणखीही आहेत, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी बसलं ते पुण्याचं नाव. गाडी घेताना बापलेकांत वाद होतो तो याच आकड्यावरून, आणि वर्षभराने ‘कंपनीने फसवलं’ अशी तक्रार होते तीही याच आकड्यावरून.

या आकड्यात खोटं काही नसतं. आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतो, एवढंच.

बंद खोलीतले अकरा किलोमीटर

चाचणीत गाडी रस्त्यावर येतच नाही. बंद खोलीत जमिनीत बसवलेल्या रोलरांवर तिची चाकं फिरतात, समोरून मोठा पंखा वारा सोडतो आणि ड्रायव्हर पडद्यावरची रेघ पाहून अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. रेघ वर गेली की वेग वाढवायचा, खाली आली की कमी करायचा. टाकीतलं पेट्रोल मोजत नाहीत. धुराड्यातून निघालेला वायू पिशव्यांत गोळा करतात आणि त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळालं त्याचा हिशेब मांडतात.

ही रेघ म्हणजे सुधारित भारतीय ड्रायव्हिंग सायकल. युरोपच्या जुन्या चाचणीवर ती बेतलेली आहे. सुमारे वीस मिनिटांत जेमतेम अकरा किलोमीटरचं अंतर. पहिला दोन तृतीयांश वेळ शहराचा, त्यात कमाल वेग ५०. उरलेला वेळ शहराबाहेरचा, तिथे कमाल ९०. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर सासूबाई नाहीत आणि डिकीत गणपतीला गावी न्यायचं सामानही नाही. शहरी भागात शून्यावरून ५० पर्यंत जायला एका टप्प्यात तब्बल २६ सेकंद दिलेले असतात. कर्वे रस्त्यावर हिरवा दिवा लागल्यावर इतक्या निवांतपणे कोणी निघालं, तर मागचा रिक्षावाला पहिल्या पाच सेकंदांतच हॉर्न वाजवील.

मग या आकड्याचा उपयोग काय? उपयोग तुलनेचा. सगळ्या गाड्या त्याच रेघेवरून गेलेल्या असतात, त्यामुळे कोण कोणाच्या पुढे ते कळतं. मारुती स्विफ्टचं उदाहरण घ्या. २०२४च्या मे महिन्यात नवी स्विफ्ट आली तेव्हा चार सिलिंडरचं ९० पीएसचं इंजिन जाऊन तीन सिलिंडरचं ८२ पीएसचं आलं. मॅन्युअल गिअरच्या गाडीचा प्रमाणित आकडा २२.३८ वरून २४.८० वर गेला. सिलिंडर एक कमी, म्हणून आतलं घर्षण कमी. टॉर्क मात्र जवळपास तेवढाच, ११२ न्यूटन मीटरच्या आसपास. त्यामुळे गावात तिसऱ्या गिअरवर गाडी जुन्यासारखीच पळते. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना इंजिन वरच्या आरपीएमला नेलं की गेलेले आठ पीएस आणि चौथ्या सिलिंडरचा गुळगुळीतपणा आठवतो. कामगिरी आणि काटकसर यांची देवाणघेवाण म्हणतात ती ही.

सिग्नलला दीड रुपया

प्रमाणित आकड्याच्या पाऊणपट हाती लागलं तरी पुष्कळ, असा गाडीवाल्यांचा ढोबळ अनुभव. उरलेलं पेट्रोल जातं कुठे, ते शाळेतल्या भौतिकशास्त्राने काढता येतं.

गाडी आणि माणसं मिळून १,२०० किलो वजन धरा. ५०च्या वेगाला त्या वजनात सुमारे ११६ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ हजार किलोज्यूल असतात, पण इंजिन त्यातला पाव हिस्साच चाकांपर्यंत पोचवतं असं मानू. म्हणजे गाडी एकदा ५० पर्यंत नेण्यात १४-१५ मिलिलिटर पेट्रोल खर्ची पडतं. पुढे दिवा लाल झाला, ब्रेक दाबला, की ते सगळं ब्रेकच्या चकत्यांवर उष्णता होऊन जातं. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर एका सिग्नलचे दीड रुपये. असे सत्तर थांबे झाले की लिटर संपलं, आणि यात सिग्नलला उभं राहून चालू ठेवलेल्या एसीचा हिशेब धरलेलाच नाही.

हायब्रिड गाडीचं मर्म इथेच आहे. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत भरते आणि पुढच्या सिग्नलवरून निघताना वापरते. ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचा प्रमाणित आकडा २७.९७ आहे तो त्यामुळे. साध्या गाडीचं अ‍ॅव्हरेज गर्दीत पडतं. हायब्रिड गर्दीतच आपली किंमत वसूल करते. रोज मोकळ्या महामार्गाने नाशिक गाठणाऱ्याला तिचा फायदा कमी, रोज ठाण्याहून अंधेरी गाठणाऱ्याला जास्त.

अ‍ॅव्हरेज उतरवणाऱ्या गर्दीच्या जोडीला इथेनॉल आलं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आधी २०३० सालचं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठलं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना त्याने नवं गिऱ्हाईक मिळालं. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच म्हटलं होतं की ज्या चारचाक्या मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवल्या, त्यांचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांचं १ ते २ टक्क्यांनी. जुन्या गाडीने अलीकडे लिटरला किलोमीटरभर कमी दिलं, तर दोष मेकॅनिकचाच असेल असं नाही.

चार मीटरची पट्टी

आपल्या रस्त्यावरच्या गाड्या अशाच का दिसतात याचं उत्तर इंजिनिअरइतकंच अर्थमंत्र्यांकडे आहे. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी १,०८९ सीसीची होती. १९८३च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० हलकी आणि ७९६ सीसीची. कमी वजन ओढायला कमी पेट्रोल, हे साधं गणित तिने घराघरांत पोचवलं. १९९८च्या अखेरीस पिंपरीच्या टाटांनी डिझेलवरची इंडिका आणली आणि स्वस्त डिझेलच्या जोरावर ती टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली.

मग २००६चा अर्थसंकल्प आला. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोलला १,२००, डिझेलला १,५०० सीसीपर्यंतचं इंजिन असेल, तर अबकारी कर २४ वरून १६ टक्के. त्या पट्टीवर गाड्या अक्षरशः कापल्या गेल्या. इंडिगो सीएस चार मीटरच्या आत बसवली गेली. ४,१६० मिलिमीटरची डिझायर २०१२ मध्ये ३,९९५ मिलिमीटरची झाली. कापली ती डिकी. आज गावोगावी दिसणाऱ्या छोट्या एसयूव्ही याच पट्टीची लेकरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून या पट्टीत बसणाऱ्या पेट्रोल गाड्यांचा कर २९ वरून १८ टक्क्यांवर आला, मोठ्या गाड्यांचा ४० टक्के झाला. पट्टीच्या एका बाजूला थोडी जास्त जागा मिळते, पण तिच्यासाठी बावीस टक्के कर जास्त मोजावा लागतो. किंमत वसूल होते का हे पाहताना ही पट्टी आधी पाहावी.

सीएनजी: पैसे कधी फिटतात?

मारुतीने २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू होताना डिझेल सोडलं. छोटं डिझेल इंजिन नव्या नियमांत बसवणं महाग झालं होतं आणि पेट्रोल-डिझेलच्या भावातली दरीही आटली होती. ती जागा सीएनजीने घेतली. इथे नुसत्या अंदाजापेक्षा वहीवर मांडलेलं बरं.

स्विफ्टचा सीएनजीचा प्रमाणित आकडा किलोला ३२.८५. प्रत्यक्षात पेट्रोलवर लिटरला १८ आणि सीएनजीवर किलोला २५ मिळतात असं धरू. मुंबईत २०२५ मध्ये पेट्रोल १०४च्या आतबाहेर आणि सीएनजी ८०च्या आसपास. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचे ५ रुपये ७८ पैसे, सीएनजीचे ३ रुपये २०. वाचले २ रुपये ५८ पैसे. सीएनजी गाडीला नव्वद हजार जास्त मोजले असतील, तर ते फिटायला सुमारे ३५ हजार किलोमीटर लागतात.

यात महाराष्ट्राची एक सवलत मिळवायची राहते. दहा लाखांपर्यंतच्या गाडीला आरटीओचा एकरकमी कर पेट्रोलसाठी ११ टक्के आणि डिझेलसाठी १३ टक्के आहे. सीएनजीसाठी २०२५ मध्ये तो टक्काभर वाढला तरी ८ टक्केच. सात लाखांची पेट्रोल आणि सात लाख नव्वद हजारांची सीएनजी घेतली, तर ढोबळमानाने चौदा हजार इथेच वाचतात. मग ३५ हजारांचे ३० हजार किलोमीटर होतात. महिन्याला दीड हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे वीस महिन्यांत मोकळे. महिन्याला चारशे किलोमीटरवाल्याला सहा वर्षं थांबावं लागेल.

आणि त्या सहा वर्षांत रांगेत उभं राहावं लागेल ते वेगळंच. गॅस भरताना गाडीतून सगळ्यांनी उतरायचं, डिकीत सिलिंडर असल्याने बॅगा मागच्या सीटवर ठेवायच्या, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करून घ्यायची. टाटांनी एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी आडवे टाकून सामानाची अडचण बरीच सोडवली. रांगेवर अजून कोणाकडे उपाय नाही.

घाट चढताना

सीएनजीवर स्विफ्टची ताकद ८२ वरून ७० पीएसच्या खाली येते. सपाटीवर ते जाणवत नाही. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना जाणवतं. हा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. १,२०० किलो तेवढे उचलायला, इंजिनची तूट धरून, पाऊण लिटरच्या आसपास जादा पेट्रोल लागतं. उतरताना ते परत मिळत नाही. हायब्रिड किंवा विजेवरची गाडी असेल तर काही भाग मिळतो. पाच माणसं बसलेली छोटी गाडी आंबा घाटात किंवा ताम्हिणीत दुसऱ्या गिअरवर दम टाकते तेव्हा कामाला येतो तो टॉर्क, तोही कमी आरपीएमला मिळणारा. टाटा नेक्सॉनचं पेट्रोल टर्बो इंजिन १७० न्यूटन मीटर देतं, डिझेल २६०. डिझेलला अजून जे चाहते आहेत ते याच आकड्याचे.

पण डिझेलवाल्याने एक लक्षात ठेवावं. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब आणि सलग पळावी लागते. रोज दोन किलोमीटरवर भाजी आणि शाळा एवढंच करणाऱ्याने डिझेल घेतलं, तर फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. कोल्हापूर-मुंबई करणाऱ्याला हा दिवा सहसा दिसतही नाही.

उभ्या गाडीचा खर्च

आता ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही तो हिशेब. रस्त्यावर येईपर्यंत आठ लाख पडलेली गाडी आठ वर्षांनी तीन लाखांना गेली, असं धरा. पाच लाख घसारा. विमा आणि सर्व्हिसिंगचे वर्षाला पंचवीस हजार धरले, तर आणखी दोन लाख. वर्षाला २० हजार किलोमीटर चालवणाऱ्याला या सात लाखांचा बोजा किलोमीटरला ४ रुपये ३८ पैसे पडतो. वर्षाला सहा हजार चालवणाऱ्याला तोच साडेचौदा रुपयांच्या वर जातो. त्यापुढे पेट्रोलचे पावणेसहा रुपये किरकोळ.

म्हणजे कमी चालवणारा माणूस ज्या अ‍ॅव्हरेजसाठी डोकं फोडतो, ते त्याच्या खर्चातलं लहान कलम असतं. लिटरला १८ऐवजी २० देणारी गाडी घेतली, तर महिना पाचशे किलोमीटरला त्याचे वाचतात २९० रुपये. एवढ्यासाठी त्याने कमी सुरक्षित गाडी पत्करली, तर तो सौदा तोट्याचाच. भारत एनसीएपी ही धडक चाचण्यांची योजना ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. त्यातले तारे अ‍ॅव्हरेजच्या आकड्याइतकेच सहज पाहायला मिळतात. मजबूत सांगाड्याने आणि सहा एअरबॅगांनी वजन वाढतं आणि अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं, हे खरं. कमी चालवणाऱ्याला ते परवडतं. त्याने पाहायचं ते सुरक्षितता, रीसेल आणि जवळचं सर्व्हिस सेंटर. एक-दोन वर्षं वापरलेली गाडी घेतली, तर घसाऱ्याचा पहिला मोठा घास आधीच्या मालकाने सोसलेला असतो.

महिना दीड हजाराच्या पुढे रनिंग, घराजवळ पंप, रांगेत थांबण्याची तयारी असेल तर सीएनजी. रनिंग तेवढंच, पण सगळं शहरातल्या गर्दीत आणि हातात पैसा असेल तर हायब्रिड. मात्र साध्या गाडीपेक्षा तीन लाख जास्त देऊन किलोमीटरला २ रुपये ७० पैसे वाचत असतील, तर ते फिटायला लाखावर किलोमीटर लागतात हे ध्यानात ठेवून. स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय असणाऱ्याने विजेवरच्या गाडीचा हिशेब याच वहीत मांडावा. घाट आणि लांबचा पल्ला नेहमीचा असेल तर टर्बो किंवा डिझेल. बाकी सगळ्यांना साधं पेट्रोल पुरतं.

या यादीत आपण कुठे बसतो हे सेल्समन सांगू शकत नाही. ते घरातल्या फायलीत असतं. सध्याच्या गाडीच्या सर्व्हिसिंगची दोन बिलं काढा. दोन्हींवर तारीख आणि किलोमीटरचा आकडा असतो. वजाबाकी करा आणि मधल्या महिन्यांनी भागा. पहिलीच गाडी असेल, तर रोजची ये-जा आणि वर्षाच्या गावाकडच्या फेऱ्या मोजा. एवढं एक उत्तर खिशात घेऊन शोरूममध्ये गेलात, की समोरच्या दहा गाड्यांतल्या सात आपोआप गळतात.