कमरेतील भूल आणि नवजात बालक

सिझेरियनचा निर्णय झाला की घरातील वडीलधाऱ्यांच्या ओठांवर दोन प्रश्न हमखास येतात. पाठीत दिलेल्या इंजेक्शनाने सुनेची कंबर जन्मभर दुखेल काय? आणि भुलीचे औषध बाळाला बाधेल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते. परंतु वर्षानुवर्षे टिकणाऱ्या कंबरदुखीशी या इंजेक्शनाचा संबंध अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही. दुसरा प्रश्न मात्र अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे.

पूर्ण भूल देताना औषध थेट शिरेत जाते, रक्तातून वारेपर्यंत पोहोचते आणि वार ओलांडून बाळातही उतरते. म्हणून असे बाळ कधी जन्मतः सुस्त असते, त्याचा पहिला श्वास लांबतो आणि काही क्षण मास्कने श्वास द्यावा लागतो. बहुधा हा परिणाम तात्पुरता असतो. कमरेतील भुलीची गोष्ट निराळी. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात बुपिवकेन हे औषध साधारण १० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम २ मिलिलिटर सोडले जाते. एवढ्या अल्प मात्रेतून आईच्या रक्तात, आणि तेथून बाळात, जाणारा अंश नगण्य असतो. बाळाला ‘भूल चढण्याची’ भीती म्हणूनच निराधार आहे.

मग धोका मुळीच नाही काय? आहे, पण तो औषधात नसून आईच्या रक्तदाबात आहे, आणि सर्वसामान्य कुटुंबांना नेमके हेच कोणी सांगत नाही. कमरेखालील भाग बधिर होताना तेथील रक्तवाहिन्याही सैलावतात आणि रक्तदाब झपाट्याने खाली येऊ शकतो. त्यातच स्त्री उताणी निजलेली असेल, तर भरलेल्या गर्भाशयाचा भार पोटातील महाशिरेवर पडून हृदयाकडे परतणारे रक्त अडते. शरीरातील काही अवयव दाब घटला तरी आपला रक्तपुरवठा सावरून घेतात. वारेला ती सोय फारशी नाही. आईचा दाब पडला की बाळाकडे जाणारा प्राणवायू घटतो, आणि ही स्थिती लांबली तर बाळाच्या रक्तातील आम्लता वाढते.

म्हणूनच भूलतज्ज्ञ उजव्या कुशीखाली उशी सरकवून आईला किंचित डावीकडे कलते करतात, सलाईन वेगाने चालू ठेवतात आणि पहिली काही मिनिटे क्षणाक्षणाला दाब पाहतात. दाब उचलणाऱ्या औषधाची कथा तर मोठी बोधप्रद आहे. अनेक वर्षे एफेड्रिन हेच सुरक्षित मानले जाई, कारण मेंढ्यांवरील प्रयोगांत गर्भाशयाचा रक्तप्रवाह त्याने उत्तम राहिला होता. पुढे स्त्रियांमधील अभ्यासांत दिसले की ते वार ओलांडते, बाळाच्या चयापचयाची गती वाढवते, आणि नाळेतील रक्त अधिक आम्ल आढळते. आज फेनिलेफ्रिनला पसंती आहे. मेंढीवरून माणसाचे अनुमान किती जपून काढावे, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

बाळ कसे आहे हे मोजण्याची जगन्मान्य रीतही एका भूलतज्ज्ञ स्त्रीचीच देणगी आहे. न्यूयॉर्कच्या डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ मध्ये ती प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठरपणा, स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. आज हे गुण पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला दिले जातात. सिझेरियननंतर काही बाळांचा श्वास एक-दोन दिवस जलद चालतो, आणि दोष भुलीच्या माथी मारला जातो. वास्तविक, प्रसूतिकळा न येताच जन्म झाल्याने फुप्फुसांतील द्रव उशिरा शोषला जातो, हे त्याचे नेहमीचे कारण होय.

अतिरक्तस्राव, रक्त न गोठण्याचा विकार, किंवा बाळाचे ठोके मंदावून क्षणभरही थांबणे शक्य नसणे, अशा वेळी पूर्ण भूलच योग्य ठरते. तेथे नातेवाइकांनी आग्रह धरू नये. एरवी जागी असलेल्या आईने मळमळ किंवा गरगर जाणवताच ‘सहन करू’ असे न म्हणता तत्काळ सांगावे. पडत्या रक्तदाबाची पहिली खूण पुष्कळदा यंत्राआधी तिलाच कळते.